तोंड कुठं आहे? जुनी लढाऊ विमाने, जुन्या स्पोर्ट्स गाड्या आणि आपली नजर

(शहापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो, कारण ती चूक झाली नसती तर आजचा विषय आम्हाला सुचलाच नसता.

आम्ही म्हणजे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली पाच-सहा माणसं. दोन शिक्षक, एक गॅरेजवाला, एक वायुदलात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून गावी परतलेला, आणि बाकीचे आमच्यासारखे हौशी. वर्षातून दोन-तीनदा आम्ही शाळेतली पोरं घेऊन कुठंतरी काहीतरी दाखवायला नेतो. शहापूरकडची पोरं आसनगावला लोकल पकडतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे तिकडच्या पोरांना कल्याणपर्यंत एसटी. म्हणजे वरळीला सकाळी दहाला पोचायचं तर घरातून अंधारातच निघावं लागतं. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की आमच्याकडच्या पोराला विमान जवळून बघायला मिळतं ते आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. त्या एका तासात आपण त्याला काय सांगतो याला किंमत आहे.

तर गेल्या डिसेंबरात आम्ही वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. तिथं बाहेरच्या उद्यानात एक जुनं लढाऊ विमान उभं आहे. त्याआधी दोनच महिने, म्हणजे २६ सप्टेंबर २०२५ ला, मिग-२१ विमानांना चंडीगडला निरोप दिला गेला होता. १९६३ पासून सेवेत असलेलं विमान, सगळ्या पेपरांत फोटो, सगळ्यांच्या तोंडी मिग. आमच्याही तोंडी. फलक वाचायच्या आधीच आम्ही पोरांना सांगून टाकलं, "हे बघा, हेच ते मिग." आमचा तंत्रज्ञ मित्र नेमका त्या दिवशी नव्हता.

एका मुलीबरोबर तिचे आजोबा आले होते, टोकावड्याकडचे. शेतकरी माणूस. ते विमानाभोवती एक फेरी मारून आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, याला तोंड कुटं हाय? पेपरातल्याला तोंड फुडं होतं. आनि याला मागं दोन धुराडी हायेत."

आम्ही वळून बघितलं. खरंच की. मिग-२१ चं नाक म्हणजे उघडं गोल तोंड, त्यात मधोमध एक सुळका. हवा तिथूनच आत जाते. आमच्या समोरच्या विमानाचं नाक बंद, टोकदार. हवा घ्यायची तोंडं दोन्ही कुशींत, आणि शेपटाखाली शेजारी शेजारी दोन नळकांडी. ते मारुत होतं. एचएफ-२४ मारुत, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळुरात बांधलेलं, भारतात घडलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. आपल्या देशाने स्वतः केलेली एक वस्तू आम्ही तीस पोरांसमोर दुसऱ्याच्या नावावर चढवून मोकळे झालो होतो.

त्या दिवशी घरी येताना लोकलमध्ये आम्ही फार बोललो नाही.

गंमत पुढे आहे. यंदा फेब्रुवारीत पुण्याला गेलो, घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात. तिथंही एक जेट विमान आहे. आता आम्ही शहाणे झालो होतो. नाक बंद, तोंडं कुशीत, म्हणजे मिग नाही! तंत्रज्ञ मित्र या वेळी सोबत होता, तो पोट धरून हसला. ते मिग-२३ होतं, बीएन जातीचं. मिगच, पण तोंड कुशीत असलेलं. शिवाय त्याचे पंख सांध्यावर फिरणारे, उडताना मागेपुढे होणारे. मागं नळकांडं एकच. मारुतच्या कुशीतली तोंडं अर्धगोल, त्यांत अर्धा सुळका बसवलेला. मिग-२३ ची तोंडं चौकोनी, पेटीसारखी.

म्हणजे आजोबांचं उत्तर बरोबर होतं, पण आम्ही त्यातून काढलेला नियम चूक होता. इथंच आमचा आजचा मुद्दा आहे. एका खुणेवरून वस्तू ओळखू गेलं की ती खूण कधी ना कधी दगा देते.

हा प्रश्न काही आमच्यापासून सुरू झाला नाही. इंग्लंड दुसऱ्या महायुद्धात उतरून तीनच दिवस झाले होते, ६ सप्टेंबर १९३९. इंग्लंडच्या स्पिटफायर विमानांनी त्यांच्याच दोन हरिकेन पाडल्या. एक वैमानिक मेला. स्पिटफायरने पाडलेलं पहिलं विमान हे आपलंच होतं, शत्रूचं नव्हे. आता प्रदर्शनात शेजारी शेजारी उभ्या केल्या तर हरिकेन आणि स्पिटफायर यांत घोटाळा करायला जागा नाही, असं वाटतं. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, टोकाला निमुळता. हरिकेनचा पंख जाड, पाठीला थोडं कुबड, मागचं धड कापडाने मढवलेलं. चाकं बघा: हरिकेनची आतल्या बाजूला मिटतात, म्हणून जमिनीवर ती पाय फाकून उभी राहते. स्पिटफायरची बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून तिचे पाय जवळ जवळ. पण आकाशात, गडबडीत, पाठीवर ऊन असताना चाकं मिटलेली असतात आणि कापड कुणाला दिसतंय?

मग सैनिकांना आणि टेहळणी करणाऱ्या सामान्य नागरिकांना विमानं ओळखायला शिकवणं हे एक शास्त्रच झालं. एक रीत अशी होती की चार गोष्टी क्रमाने बघायच्या: पंख, इंजिन, धड, शेपूट. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला वेफ्ट म्हणायचे. (सैनिकांनी त्या चार अक्षरांचा जो चावट विस्तार केला होता तो इथं सांगण्यासारखा नाही. अर्थ एवढाच की दर वेळी चुकतं.) अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातले सॅम्युएल रेनशॉ नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणाले की हे असं तुकडे मोजत बसणं चुकीचं आहे. माणूस शेजाऱ्याला ओळखतो तेव्हा आधी नाक, मग कान असं बघतो का? त्यांनी नौदलाच्या मुलांना पडद्यावर विमानाचं चित्र क्षणभर, सेकंदाच्या लहानशा अंशापुरतं दाखवायला सुरुवात केली. पुन्हा पुन्हा. अख्खी आकृती एकदम डोळ्यात शिरली पाहिजे.

आम्हाला हे वाचून लगेच म्हसा आठवलं.

म्हशाची जत्रा इथल्या कुणाला सांगायला नको. मुरबाड तालुक्यात, पौष पौर्णिमेला, बैलांचा मोठा बाजार. यंदा आम्ही मुद्दाम त्या आजोबांबरोबर गेलो, फक्त ते बैल कसा बघतात ते बघायला. पहिली गोष्ट, ते लांबूनच थांबतात. बैल चालवून दाखवा म्हणतात. बोलत काही नाहीत. मग जवळ जातात, आणि तेव्हा कुठं तुकडे सुरू होतात: दात, खूर, वशिंड, कातडं. आदत, दुसा, चौसा, जुळलेला, ही दातांवरची वयं. आपल्याकडचा डांगी बैल असेल तर कातडीला हात लावून बघायचा, तेलकट लागली पाहिजे, कारण त्याच तेलकटपणाने तो पावसात टिकतो. खूर काळे नि टणक. शिंगं मात्र ते सर्वात शेवटी बघतात. का, तर शिंगं तासता येतात, रंगवता येतात. आम्ही विचारलं तर म्हणाले, "जे मालकाच्या हातात हाय, त्यावर इस्वास ठेवू नये."

म्हणजे रेनशॉ आणि वेफ्ट दोन्ही एकाच माणसात होते. आधी ठेवण आणि चाल, मग पुरावा. आणि पुराव्यातही कोणता खोटा करता येतो आणि कोणता नाही, याचा हिशेब. आम्ही काही अडाणी माणसाचं शहाणपण वगैरे कौतुक करत नाही आहोत, तो प्रकार आम्हाला आवडत नाही. त्यांचे पैसे लागलेले असतात, म्हणून ते नीट बघतात. इतकं साधं आहे. आपले लागलेले नसतात.

मराठी माणसाला आकृतीवरून ओळखणं येत नाही असंही नाही. १९५० च्या दशकातल्या फियाट ११०० ला आपल्या लोकांनी काय नाव ठेवलं? डुक्कर फियाट. एका शब्दात गाडी उभी राहते: गोल पाठ, खाली आलेलं नाक, बुटकी चाल. पुढचे दरवाजे उलटे, बिजागरी मागच्या बाजूला, हे मग जवळ गेल्यावर दिसतं. कंपनीच्या कुठल्याही माहितीपत्रकात एवढं नेमकं वर्णन नसेल. त्याच घराण्यात पुढे प्रीमियर पद्मिनी आली. मुंबईच्या रस्त्यावरची टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमच्या गॅरेजवाल्या मित्राला पद्मिनी डोळे मिटून, नुसत्या गिअरच्या आवाजावर ओळखता येते. ती स्टिअरिंगच्या दांड्यावर असलेल्या गिअरची. पण त्याच मित्राला एका गाड्यांच्या प्रदर्शनात आम्ही गप्प उभा राहिलेला बघितलं, ती गोष्ट सांगतो.

मुंबईत जुन्या गाड्यांचे मेळावे बरेच होतात. हॉर्निमन सर्कलहून निघणारी जुन्या गाड्यांची रॅली पुष्कळांनी बघितली असेल. आम्ही म्हणतोय ते प्रदर्शन दुसरं, त्याचं नाव घेत नाही. तिथं एक लाल, दोन माणसांची, उघडी एमजी होती. काचेवर पुठ्ठा: साल १९४८. समोर ही गर्दी, सेल्फीवाल्यांची. आमचा मित्र चाकांकडे बघत उभा. घरी येऊन शोधलं, तेव्हा त्याच्या मनात काय खटकलं ते कळलं.

एमजीची टीसी १९४५ ते १९४९ या काळातली. तिची चाकं उंच, बारीक, तारेची, एकोणीस इंची. सायकलच्या चाकासारखी दिसतात. टीडी १९४९ च्या अखेरीस आली, ती पंधरा इंची पत्र्याच्या चाकांवर, आणि पुढे-मागे बंपर घेऊन. टीएफ १९५३ ची, तिची जाळी मागे कललेली आणि दिवे मडगार्डात बसवलेले. तीन बहिणी, पण एकदा चाकं बघितली की पहिल्या दोघींत गफलत होत नाही. प्रदर्शनातल्या १९४८ च्या गाडीला पत्र्याची छोटी चाकं होती, आणि बंपरही. म्हणजे एक तर साल चूक, नाहीतर कुणीतरी अंगाखालचं सगळं बदललेलं. तिसरी शक्यताही आहे. बीटल गाडीच्या चौकटीवर टीडीचं अंग चढवलेल्या नकला परदेशात पुष्कळ निघाल्या. पुढे रेडिएटरची जाळी आणि इंजिनाचा आवाज मागून, असं झालं की समजावं.

जग्वारचंही असंच. एक्सके १२० ची पुढची काच मधोमध दुभंगलेली, दोन तुकड्यांची. १४० चीही तशीच, पण तिचे बंपर जाडजूड. १५० ला एकच वाकवलेली काच. आणि ई-टाइप, १९६१ ची. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत दिवे काचेखाली झाकलेले, पुढे १९६८ पासून दुसऱ्या मालिकेत उघडे. हे सांगायला दोन मिनिटं लागली. प्रदर्शनात हे सांगणारं कुणीही नव्हतं. पुठ्ठ्यावर काय होतं? अश्वशक्ती, कमाल वेग, आणि मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत.

आमची तक्रार नेमकी इथं आहे. विमानं असोत, गाड्या असोत, फलक आकडे सांगतात. लांबी इतके मीटर, वजन इतके किलो, वेग ताशी इतके किलोमीटर. उभ्या असलेल्या वस्तूचा वेग कुणाला दिसतो? पोरं तो आकडा वहीत उतरवतात, परीक्षेसारखा, आणि वस्तूकडे पाठ करून फोटो काढतात. फलकावर एकच ओळ अशी हवी: हे विमान मागच्या बाजूने जाऊन बघा, दोन नळकांडी दिसतील, या आकाराच्या विमानाला दोन इंजिनं का लागली असतील?

कारण तिथूनच खरी गोष्ट सुरू होते. मारुतचा आराखडा केला कुर्ट टांक यांनी. जर्मनीचं फोके-वुल्फ १९० हे गाजलेलं लढाऊ विमान त्यांचंच. १९५० च्या दशकात ते आपल्याकडे आले. १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी मारुत पहिल्यांदा उडवलं. विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जावं अशी अपेक्षा होती, पण त्या ताकदीचं इंजिन काही मिळालं नाही. मिळालं ते ऑर्फियस. हेच घराणं नॅट या छोट्या विमानात होतं, तिथं एक, मारुतमध्ये दोन. नॅटच्या पंखांचा विस्तार सात मीटरांपेक्षाही कमी, त्याला एक पुरलं. १९६५ आणि १९७१ मध्ये त्याने नाव कमावलं. मारुतच्या अंगाला दोन अपुरी पडली. १९७० मध्ये सुरंजन दास मारुतच्याच अपघातात गेले. तरीही १९७१ मध्ये लोंगेवालाच्या बाजूला मारुत लढलं. एकूण १४७ बांधली. आजोबांनी बघितलेली "दोन धुराडी" म्हणजे हा सगळा इतिहास आहे: आराखडा आपल्याकडे तयार, आणि इंजिनासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं. हे फलकावरच्या वेगात सापडत नाही.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आम्ही रंगावरही तक्रार करतो. चौकात किंवा बागेत ठेवलेल्या विमानांना वर्षाला जाड रंग मारतात, हवेची तोंडं पत्र्याने बंद करतात, मूळच्या बारीक सूचना आणि खिळ्यांच्या रांगा रंगाखाली बुजून जातात. तासलेली शिंगंच ती. पण वायुदलातल्या मित्राने आमचे कान उपटले. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा ॲल्युमिनियमला खाते, तोंड उघडं ठेवलं तर आत कबुतरं घरटी करतात, साप शिरतात. रंग मारू नका म्हणणं सोपं आहे, शेड कोण बांधून देणार? बरोबर आहे त्याचं. तेव्हा आम्ही फक्त एवढंच म्हणतो की रंगवताना जुने आकडे टिपून ठेवावेत आणि फलकावर लिहावं की हा रंग नवा आहे.

आकड्यांवरून एक. वायुदलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीत २०१८ मध्ये एक डकोटा आलं, "परशुराम" नावाचं. त्याच्या शेपटावर व्हीपी ९०५ असा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन पहिलं उतरलेलं डकोटा, त्याचा हा क्रमांक. हे विमान ते नव्हे. त्या विमानाच्या सन्मानासाठी याच्या अंगावर तो क्रमांक घातलाय. यात गैर काही नाही, आपणही नातवाला आजोबांचं नाव ठेवतो. पण नातवाकडे बोट दाखवून "हेच ते आजोबा" म्हटलं तर? प्रदर्शनात हा फरक सांगितला नाही तर पोरं तेच म्हणणार.

गाड्यांच्या बाबतीत सरकारने २०२१ मध्ये नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते, पाटीवर व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालवता येत नाही. चांगलं आहे. पण "मूळ स्वरूप" म्हणजे काय हे ठरवणारी नजर कागदात येत नाही, ती माणसात तयार करावी लागते. आमच्या गॅरेजवाल्याला कुणी बोलावलं तर तो फुकट जाईल.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच फलकावर नसते. जुन्या लढाऊ विमानांचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय, असं आम्हाला विचारतात. मलंगगडाच्या रस्त्याला नेवाळी आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं धावपट्टी झाली, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या जमिनींचं भांडण इतकं ताजं आहे की २०१७ च्या जूनमध्ये तिथं मोठं आंदोलन पेटलं. स्पिटफायरचा पंख किती सुंदर यावर आम्ही तासभर बोलू शकतो, बोलतोही. पण विमानाला उतरायला जमीन लागते, आणि ती जमीन कुणाची तरी असते. इंग्लंडात गुडवुडला जुन्या शर्यतीच्या गाड्या आणि जुनी विमानं एकाच ठिकाणी दाखवणारा मोठा सोहळा होतो. तो शर्यतीचा रस्ताही युद्धातल्या विमानतळाभोवतीचाच. तिकडे त्याचा उत्सव झाला, इकडे खटला. हे का, याचं उत्तर आज देत नाही, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

सध्या आम्ही काय करतो ते सांगून थांबतो. पोरांनी पुठ्ठ्याच्या काळ्या आकृत्या कापल्यात: मारुत, नॅट, हंटर, मिग-२१, मिग-२३, आणि गाड्यांत टीसी, टीडी, ई-टाइप, आणि अर्थात डुक्कर फियाट. दिव्यासमोर क्षणभर धरायची आणि काढून घ्यायची. पहिल्या आठवड्यात सगळेच चुकले, आम्हीही. नॅट आणि हंटर आकारमान न कळता सारखे वाटतात, हे आम्हाला तेव्हाच समजलं. मग एका पोराने नॅटच्या शेजारी माणसाची आकृती लावली. विमान त्याच्या खांद्याला आलं.

आजोबा पुढल्या खेपेला येणार आहेत. त्यांचा एक प्रश्न बाकी आहे: मारुतचं इंजिन बाहेर काढायचं झालं तर शेपूट काढावं लागतं का? बैलाचा दात बघणारा माणूस, त्याला आतलं बघायचंय. आमच्या मित्राला उत्तर माहीत आहे, पण तो म्हणतो, तिथंच, विमानासमोर सांगीन.

चला, आता तुमचे प्रश्न. मागे कुणीतरी केव्हाचा हात वर केलाय. बोला.